आधी गाणं, मग घोट

"पोरगं तिकडे पितं का, तेवढं डोळ्यांनी बघून ये," असं बजावून ताईनं माझ्या हातात लाडवांचा डबा दिला आणि मी स्वीडनला निघालो. भाचा उप्साला विद्यापीठात शिकतो. विद्यापीठ १४७७ सालचं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी दीडशे वर्षांचं!

पोचलो त्याच आठवड्यात त्यानं मला 'सिटनिंग'ला नेलं. सिटनिंग म्हणजे विद्यार्थ्यांची पंगत. पाटांऐवजी लांबच लांब टेबलं आणि श्लोकांऐवजी दारूची गाणी, एवढाच फरक. पंगत मांडतात ती 'नेशन' नावाची मंडळं. सतराव्या शतकात दूरच्या प्रांतांतली पोरं आपापल्या गाववाल्यांना धरून राहू लागली, त्यातून ही निघाली. विद्यापीठाला आधी ती नकोच होती. पण मंडळं काही मोडेनात. मग सभासद होणं सक्तीचंच करून टाकलं! ती सक्ती उठली २०१० साली.

मी सरबताच्या पेल्याला हात लावला, तर भाच्यानं मनगट धरलं. "मामा, गाणं संपल्याशिवाय नाही!"

सूत्रधार गाणं पुकारतो. सगळे पुस्तक उघडून गातात. मग पेला उचलायचा, शेजाऱ्यांच्या डोळ्यांत बघायचं, 'स्कोल' म्हणून घोट घ्यायचा आणि पुन्हा डोळ्यांत बघूनच पेला खाली ठेवायचा. इतकं सोवळं आमच्या आजीच्या स्वयंपाकघरातही नव्हतं.

आणि हे त्या देशात, जिथं एके काळी शेतकरी घरोघर दारू गाळत! घरची भट्टी १८६० साली कायद्यानं बंद झाली. १९२२ साली तर दारूबंदीवर सार्वमत झालं. बंदी पडली, पण कशी? शंभरातल्या एकावन्नांनी 'नको' म्हटलं, एकोणपन्नासांनी 'हवी'. तरी सुटका नव्हतीच. दारूला 'मोटबूक' नावाचं पुस्तक लागे, त्यात प्रत्येक बाटलीची नोंद. आपल्या परमिटाचा थोरला भाऊच म्हणा ना! लग्न झालेल्या बाईला तर ते सहसा मिळतच नसे. १९५५ साली पुस्तक गेलं. कडक दारूचं दुकान मात्र अजून सरकारचंच आहे. गाणी या सगळ्यातून तरली. बेलमान नावाच्या कवीची काही तर अठराव्या शतकातली.

शेवटचं गाणं खुर्चीवर उभं राहून म्हणायचं, आणि ते झालं की पुन्हा बसायचं नाही. माझे गुडघे कुरकुरले, पण चढलो. शेजारच्या खुर्चीवर भाचा पुस्तक न बघता गात होता. घरी पंगतीत श्लोकाची पाळी आली की ताईच्या पदराआड लपणारा हाच तो! एकदम उंच दिसला मला, आणि जरा लांबचाही.

रात्री ताईला फोन केला. म्हटलं, "काळजी करू नकोस. गाणं म्हटल्याशिवाय घोट घेत नाही तो."

गाण्यांचं पुस्तक किती जाड होतं ते सांगितलं नाही. पोरगं आता परत येईलसं वाटत नाही, तेही नाही.