दिल्लीचं विसरलेलं वादळ

किल्लारीचं नाव काढलं की आपल्यातल्या प्रत्येकाला ती रात्र आठवते. गणेश विसर्जन आटोपून माणसं झोपली होती आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंपाने गावंच्या गावं मातीत मिळाली. मी तेव्हा शाळेत होतो. आपण राहतो त्या दिल्लीत मात्र १७ मार्च १९७८ ला काय झालं, हे विचारलं तर फारसं कोणी सांगू शकत नाही. मलाही नोकरीसाठी इथे येऊन बरीच वर्षं झाल्यावर कळलं.

तो शुक्रवार होता. होळी आठवड्यावर आली होती. उत्तर दिल्लीत, विद्यापीठाच्या परिसरात टोर्नेडो आला आणि अवघ्या काही मिनिटांत निघून गेला. २८ माणसं गेली, सुमारे ७०० जखमी झाली. हे तेच विद्यापीठ, जिथे आपले चिंतामणराव देशमुख १९६२ ते १९६७ या काळात कुलगुरू होते. त्या भागातलं मोठं रुग्णालय म्हणजे हिंदुराव. हे नावही आपल्याकडचंच, कागलच्या घाटगे घराण्यातले, बायजाबाई शिंद्यांचे बंधू हिंदुराव यांच्या कोठीवरून पडलेलं. म्हणजे संकट अगदी परक्या मुलखात आलं होतं असं नाही.

या वादळाला मराठीत धड नाव नाही, ही मला मोठी अडचण वाटते. 'वावटळ' म्हटलं तर उन्हाळ्यात पाचोळा उडवणारी गिरकी डोळ्यांपुढे येते, 'चक्रीवादळ' म्हटलं तर समुद्रावरून शेकडो किलोमीटर पसरत येणारं. टोर्नेडो या दोहोंच्या मधला. त्याचा पट्टा लांबीला सुमारे पाच किलोमीटर आणि रुंदीला अवघा ५० मीटर होता. रेल्वेच्या भाषेत सांगायचं तर दुहेरी मार्ग आणि दोन्ही बाजूंची हद्द, एवढीच रुंदी. गुणाकार केला तर जेमतेम २५ हेक्टर जागा. त्यात २८ मृत्यू.

पट्टा अरुंद असला की नंतरचे दिवसही वेगळे जातात. किल्लारीत शेजाऱ्याचं घरही पडलेलं होतं, त्यामुळे मदत बाहेरून यावी लागली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, त्याला वर्षं लागली. इथे शंभर मीटरवर चूल पेटलेली, रस्ता चालू, दवाखाना उघडा. जखमीला उचलायला, रात्री अंथरूण द्यायला माणूस पलीकडच्या गल्लीत होता. पण तोटाही त्यातच. बाकीचं शहर दुसऱ्या दिवशी कामाला लागतं आणि पट्ट्यातलं कुटुंब एकटंच विटा वेचत राहतं. शिवाय तेव्हा आपत्ती व्यवस्थापनाचा कायदाच नव्हता. तो आला २००५ मध्ये.

आणखी एक गोष्ट आमच्या कामाच्या सवयीमुळे खटकते. रेल्वेत अपघात झाला की आधी मार्ग मोकळा करायची घाई असते, पण त्याआधी मोजमाप घ्यावंच लागतं, नाहीतर चौकशीत काय दाखवणार? टोर्नेडोचा वेग मोजणारं यंत्र बहुधा त्याच्या वाटेत नसतंच. म्हणून शिकागोचे प्राध्यापक फुजिता यांनी १९७१ मध्ये पडझडीवरूनच जोर ठरवायची पद्धत काढली. भिंत कोणत्या बाजूला पडली, छप्पर किती लांब गेलं, यावरून. म्हणजे ढिगारा हीच नोंदवही. घरवाला मात्र साहजिकच पहिल्या दिवशी ढिगारा उपसतो. त्याला दोष कसा देणार, त्याची मुलं त्याच जागेत झोपायची असतात. माझ्या मते माणसांच्या आठवणीसुद्धा अशाच उपसल्या गेल्या. विद्यार्थी शिकून गेले, भाडेकरू बदलले, घरांवर मजले चढले.

देशातलं पहिलं डॉप्लर रडार २००२ मध्ये चेन्नईला बसलं, दिल्लीला ते त्यानंतर मिळालं. ढगातली फिरकी त्यात दिसू शकते, पण टोर्नेडोच्या बाबतीत हाताशी येतात ती मिनिटंच.

आपल्या सभासदांपैकी कोणी १९७८ साली तिमारपूर, रूपनगर किंवा कमलानगर भागात राहत असतील, तर आरतीनंतर मंडपात मला जरूर भेटा. एखादा जुना फोटो असेल तर सोबत आणा. मी वही घेऊन येतो.