फ्लॉरेन्सचा 'इंदियानो' : संगमावरची छत्री

मुलीकडे म्युनिकला राहत असताना आम्ही दोघं शनिवार-रविवार धरून ज्या छोट्या सहली केल्या, त्यांतलं आजचं शहर फ्लॉरेन्स. पण ऊफिझी, मायकेलअँजेलोचा डेव्हिड, सोनारांच्या दुकानांचा जुना पूल, हे सगळं तुम्हाला कुठलीही टूर कंपनी दाखवेल. मी सांगणार आहे ती जागा दोन दिवसांच्या पॅकेजमध्ये बसत नाही.

शहराच्या पश्चिमेला आर्नो नदीकाठी काशिने नावाचं लांबच लांब उद्यान आहे. ते संपतं तिथे मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो. त्या संगमाजवळ एक छत्री आहे. आपल्याकडे राजघराण्यांच्या समाधीवर असते तशीच. तिच्याखाली फेटा बांधलेल्या एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा आहे. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे). ताराबाईंचे पती राजाराम महाराज वेगळे, घोटाळा करू नका.

जन्म १८५०चा. पाटणकर घराण्यातला हा मुलगा १८६६ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला. १८७० च्या उन्हाळ्यात तो विलायतेला निघाला. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं मानण्याचा तो काळ. अशा वेळी छत्रपतींच्या गादीवरचा विशीतला राजा स्वतः जहाजात बसला, ही साधी गोष्ट नव्हती. इंग्लंडमध्ये त्याने राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, दादाभाई नौरोजींना भेटला, विद्यापीठं पाहिली आणि इंग्रजीत रोजनिशी लिहिली. सोबत असलेल्या कॅप्टन वेस्टने ती संपादित करून १८७२ मध्ये लंडनला छापली. ती वाचताना एक ध्यानात ठेवा, राजा लिहितो आहे आणि साहेब शेजारी बसला आहे. त्यामुळे तिच्यात काय आहे याच्याइतकंच काय नाही, हेही पाहावं लागतं.

परतीचा रस्ता मला फौजी म्हणून जास्त महत्त्वाचा वाटतो. जुलैमध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं होतं आणि सप्टेंबरपासून पॅरिसला वेढा पडला होता. फ्रान्समधून जाण्याची ती वेळ नव्हती. महाराज बेल्जियम, जर्मनी असे पूर्वेकडून उतरले आणि ऑस्ट्रियात इन्सब्रुकला आजारी पडले. आल्प्स ओलांडणारी ब्रेनरची रेल्वे तेव्हा तीनच वर्षांची होती. म्युनिकहून इटलीत जाणारी गाडी आजही इन्सब्रुकवरूनच ब्रेनर चढते. आम्ही त्याच गाडीने गेलो. ऊबदार डब्यात कॉफी पीत बसलो होतो, आणि नोव्हेंबरच्या थंडीत इथून आलेल्या त्या आजारी पोराची आठवण जात नव्हती.

३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय वीस. आता अडचण पाहा. कॅथलिक देश, तिथे दहन ही कल्पनाच लोकांना परकी. त्यात फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी, म्हणजे सगळं सरकारच्या डोळ्यांसमोर. सोबतच्या लोकांना हवा होता नदीचा संगम. त्यांनी तो शोधला, शहराने परवानगी दिली, आणि त्याच रात्री आर्नोच्या काठावर चिता पेटली. धर्म बुडाला म्हणणाऱ्यांनी हे ऐकायला हवं होतं. पंचगंगा नव्हती, तर त्या माणसांनी दोन परक्या प्रवाहांचा प्रयाग केला. आम्हा ग्वारीघाटवाल्यांना त्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

छत्री १८७४ ची. आराखडा चार्ल्स मँटचा, पुतळा फुलर या शिल्पकाराचा. हा मँट रॉयल इंजिनियर्सचा अधिकारी. पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास यांचे आराखडे त्यानेच केले. म्हणजे कोल्हापूरकर पाहुण्यांना जो राजवाडा कौतुकाने दाखवतात, त्याच हातची ही इवली छत्री परदेशात एकटी उभी आहे. कोल्हापुरात महाराजांचं नाव राजाराम कॉलेजमुळे रोज घेतलं जातं. पण त्या नावाचा माणूस कुठे गेला, हे तिथल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल?

फ्लॉरेन्सच्या लोकांनी मात्र नाव टिकवलं, आपल्या पद्धतीने. जवळच १९७८ मध्ये तारांवर तोललेला मोठा पूल झाला. त्याचं नाव 'पोन्ते अल्लिंदियानो', भारतीयाचा पूल. रस्त्याच्या पाट्यांवर 'इंदियानो' एवढंच असतं. ना राजाराम, ना कोल्हापूर.

जाणार असाल तर अर्धा दिवस राखून ठेवा. उद्यान साडेतीन किलोमीटर लांब आहे आणि छत्री अगदी टोकाला. ज्येष्ठांनी सायकल किंवा टॅक्सी घ्यावी. उन्हाळ्यात पाण्याची बाटली हवीच.

पुढच्या भागात उंब्रियातल्या मोंतोनेला जाऊ. १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून पडलेला मराठा लाइट इन्फन्ट्रीचा नाईक यशवंत घाडगे, आपल्या माणगाव तालुक्याचा. तिथल्या गावकऱ्यांनी त्याच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं आहे.