तळटीप : बोन चायना

१. जनावरांच्या हाडांची राख मिसळून केलेली चिनीमाती. लंडनजवळच्या बो कारखान्यात टॉमस फ्रायने अठराव्या शतकाच्या मध्यास ही राख वापरली होती. पण निम्मी राख, पाव केओलिन आणि पाव कॉर्निश दगड हे आज रूढ असलेले प्रमाण स्टोक-ऑन-ट्रेंटच्या जोसाया स्पोड पिता-पुत्रांनी १८०० च्या सुमारास बसवले. या मिश्रणामुळेच कप पातळ असूनही मजबूत राहतो आणि उजेडासमोर धरल्यास पलीकडच्या बोटांची सावली त्यातून दिसते. माइसेनच्या जर्मन मूर्तींनाही सरसकट बोन चायना म्हटले जाते, ते चूक आहे. त्या मातीत राख नसते. तळाचा शिक्का अवश्य पाहावा. अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे ‘इंग्लंड’ हे नाव बहुधा १८९१ पासून पुढे आढळते. ‘बोन चायना’ असे छापलेले असेल, तर वस्तू साधारणपणे विसाव्या शतकातली. रॉयल डल्टनच्या मूर्तींवरचे ‘एचएन’ क्रमांक १९१३ मध्ये सुरू झाले, मात्र ते नमुन्याचे असतात, घडवल्याच्या वर्षाचे नव्हेत. वापराने सोनेरी काठ झिजलेली बशी संग्राहकांनी खुशाल घ्यावी. नव्याने मुलामा चढवलेली टाळावी. — संपा.