बिनशिक्क्याच्या तबकड्या

ग्राहकाने दुकानात जाऊन रोख पैसे मोजावेत, वस्तू घरी आणावी आणि मग त्या वस्तूनेच त्याच्याकडे चोर म्हणून पाहावे, असा प्रकार व्यापाराच्या इतिहासात सहसा आढळत नाही. संगीताच्या बाजारात मात्र तो २००१ ते २००७ या काळात घडला. युरोप, अमेरिका आणि जपानमधील लाखो श्रोत्यांनी त्याचा मनस्ताप सोसला. आज गाणी मोबाईलवर ऐकणाऱ्या पिढीला ही हकिकत ठाऊक नाही. विकत घेतलेल्या वस्तूवर मालकी नेमकी कोणाची, हा प्रश्न मात्र तिच्यातूनच पुढे आला, म्हणून ती नोंदवून ठेवायला हवी.

कॉम्पॅक्ट डिस्क हे फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांचे अपत्य. तिचे प्रमाण १९८० साली ठरले आणि १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये जपानात पहिले यंत्र विक्रीला आले. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घ्यायचे, ते आकड्यांच्या रूपात तबकडीवर कोरायचे आणि प्रकाशकिरणाने वाचायचे, अशी ती योजना होती. या आकड्यांना कुलूप नव्हते. कारण साधे होते. एका तबकडीवरचा मजकूर साठवण्याइतकी जागा त्या काळच्या घरगुती संगणकात नसे, त्यामुळे कुलपाची गरज कोणाला वाटली नाही. कंपन्यांना धास्ती होती ती कॅसेटची. घरच्या घरी टेप करण्यामुळे संगीत मरत आहे, अशी मोहीम ब्रिटनमधील कंपन्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी चालवली होती. आपल्याकडेही गल्लीबोळांतल्या दुकानांत कोऱ्या कॅसेटवर आवडीच्या गझला, कव्वाल्या आणि चित्रपटगीते भरून मिळत. पण कॅसेटची नक्कल, नकलेची नक्कल असे करत गेले की आवाज बसत जाई. निसर्गानेच घातलेले ते एक बंधन होते म्हणा.

आकड्यांची नक्कल मात्र मुळाइतकीच चोख असते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तबकडी लिहिणारे यंत्र स्वस्त झाले, एमपीथ्रीमुळे गाणे दहाव्या हिश्शात मावू लागले आणि जून १९९९ मध्ये नॅपस्टर सुरू झाले. न्यायालयीन लढाईनंतर जुलै २००१ मध्ये ते बंद पडले, परंतु कंपन्यांची झोप उडाली ती उडालीच. त्यांचे भय अनाठायी होते असे मी म्हणणार नाही. कलावंताच्या मेहनतीची फुकट लूट होतच होती. पण त्यावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा नमुना होता.

उपाय असा. साधे सीडी प्लेअर तबकडीचा पहिलाच भाग वाचते, संगणक मात्र पुढचेही भाग वाचतो. तेव्हा पुढच्या भागात खोटी अनुक्रमणिका घालायची, म्हणजे संगणक गोंधळेल. दुसरी युक्ती याहून वाईट. तबकडीवर ओरखडा पडला तर चूक सुधारता यावी म्हणून आकड्यांसोबत जादा खुणा दिलेल्या असतात. त्या खुणाच मुद्दाम बिघडवायच्या. प्लेअर अंदाजाने आवाज भरून काढेल, संगणक अडेल. म्हणजे ग्राहकाला कारखान्यातूनच थोडी जखमी झालेली तबकडी विकायची. पुढे खरोखर ओरखडे पडले की तिला सावरायला फारसे काही उरत नसे. शिवाय मोटारीतले आणि डीव्हीडीचे अनेक प्लेअर संगणकाच्याच घडणीचे यंत्र वापरत. तेही अडू लागले. नक्कल करण्याचा विचारही मनात नसलेला माणूस गाडीत गाणे लावायला जाई आणि यंत्र मुके राही.

इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २००१ मध्ये नताली इम्ब्रुलिया या गायिकेची तबकडी अशा कुलपासह निघाली. तक्रारी इतक्या आल्या की कंपनीला ती बदलून द्यावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत चार्ली प्राइड यांच्या तबकडीवरून कॅलिफोर्नियातील एका महिलेने दावा लावला. तबकडी संगणकावर चालणार नाही हे आधी का सांगितले नाही, असे तिचे म्हणणे होते. फेब्रुवारी २००२ मध्ये तडजोड झाली. पुढे सेलिन दियों यांची युरोपात विकलेली तबकडी मॅकिंटॉश संगणकात घातली की संगणक गोठू लागला आणि तबकडी आतच अडकू लागली. अॅपलने हात वर केले: ही तबकडी प्रमाणात बसत नाही, आमची जबाबदारी नाही. याच जातीच्या कुलपाचा पराभव मे २००२ मध्ये शाईच्या साध्या पेनाने झाला. तबकडीच्या कडेचा एक पट्टा काळा केला की खोटी अनुक्रमणिका झाकली जाई आणि गाणी खुली होत!

सर्वांत बोलकी भूमिका फिलिप्सची होती. जानेवारी २००२ मध्ये या कंपनीने जाहीर केले की असल्या तबकड्या कॉम्पॅक्ट डिस्क नव्हेतच, त्यांच्यावर आमचे बोधचिन्ह छापता येणार नाही. ज्याने वस्तू घडवली त्यानेच नाव काढून घेतले. तरीही दुकानात त्या त्याच फळीवर, त्याच किमतीला विकल्या जात. वेष्टनावरचा सूचनेचा बारीक मजकूर वाचणार कोण?

फ्रान्समधील ग्राहकांनी तो वाचायला लावला. नांतेर येथील न्यायालयाने जून २००३ मध्ये एका ग्राहक संघटनेच्या दाव्यात ईएमआय कंपनीला आदेश दिला की तबकडी सर्व यंत्रांवर चालेलच असे नाही, ही सूचना वेष्टनावर ठळक छापा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथल्याच न्यायालयाने, मोटारीत तबकडी न चाललेल्या एका महिलेला पैसे परत देण्यास सांगितले. हा मालातला लपलेला दोष आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. सडका आंबा विकणाऱ्याला जो नियम, तोच यांना.

यानंतर कुलूप तबकडीतून निघून संगणकात शिरले. तबकडी घालताच एक प्रोग्राम आपोआप बसायचा आणि नक्कल रोखायची. ऑक्टोबर २००३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील अॅलेक्स हॉल्डरमन या विद्यार्थ्याने दाखवले की तबकडी घालताना शिफ्टची कळ दाबून धरली तर हा प्रोग्राम सुरूच होत नाही. कुलूप बनवणाऱ्या कंपनीने त्याच्यावर दाव्याची धमकी दिली. दुसऱ्या दिवशी ती मागे घेतली, कारण हसे होत होते.

हसण्यावारी न नेण्याजोगे प्रकरण २००५ चे. ३१ ऑक्टोबरला मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने जाहीर केले की सोनी बीएमजीची एक तबकडी वापरल्यावर त्यांच्या संगणकात एक प्रोग्राम दडून बसला आहे. तो स्वतःला तर लपवतोच, पण विशिष्ट अक्षरांनी सुरू होणारी कोणतीही फाईल मालकाच्या नजरेआड करतो. अशा साधनाला रूटकिट म्हणतात आणि ते एरवी घुसखोर वापरतात. ब्रिटनमधील एका कंपनीने बनवलेले हे कुलूप ५२ शीर्षकांवर होते आणि अशा सुमारे २१ लाख तबकड्या विकल्या गेल्या होत्या. दहा दिवसांत व्हायरस लिहिणाऱ्यांनी त्याच आडोशाचा फायदा घेतला. कंपनीचे एक वरिष्ठ अधिकारी रेडिओवर म्हणाले की बहुतेकांना रूटकिट म्हणजे काय हेच ठाऊक नाही, मग त्यांनी फिकीर का करावी? घरात चोरवाट खोदायची आणि घरमालकाला वास्तुशास्त्र कळत नाही म्हणायचे, असे हे उत्तर. ते काढून टाकण्यासाठी दिलेल्या साधनाने तर आणखी मोठे भगदाड पाडले.

नोव्हेंबरमध्ये तबकड्या परत मागवल्या गेल्या. टेक्सास राज्याने खटला भरला. मे २००६ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीत ग्राहकांना बदली तबकडी आणि काही रोख वा गाणी मिळाली. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या समझोत्यात संगणक दुरुस्तीसाठी १५० डॉलरपर्यंत भरपाई ठरली. या सगळ्या काळात लूट थांबली का? एकाने कुठेतरी कुलूप फोडले की गाणे जगभर पसरे. फुकट घेणाऱ्याला अडथळा कधी भेटलाच नाही, भेटला तो पैसे देणाऱ्याला.

फेब्रुवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी कंपन्यांच्या वर्मावर बोट ठेवले. आदल्या वर्षी कुलूपबंद गाणी दोन अब्जांहून कमी विकली गेली, तर त्याच कंपन्यांनी सीडीवर वीस अब्जांहून अधिक गाणी बिनकुलपाची विकली, हा त्यांचा हिशेब. एप्रिलमध्ये ईएमआयने इंटरनेटवरचीही गाणी खुली करण्याचे जाहीर केले. २००९ मध्ये आयट्यून्सवरील इतर मोठ्या कंपन्यांचे संगीतही मोकळे झाले.

आपल्या देशात कुलूप तोडण्याविषयीचे कलम, ६५ अ, २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात आले. कुलूप तोडणे हा तिथे सरसकट गुन्हा नाही. हक्काचा भंग करण्याचा हेतू असेल तरच शिक्षा, आणि कायद्याने मना न केलेल्या कामासाठी तोडल्यास मुभा आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात इतकी मोकळीक नाही. ते कलम लिहिणाऱ्यांसमोर वरचा सगळा अनुभव होता.

त्या तबकड्या अजून जुन्या बाजारात मिळतात. त्यांच्यातले कुलूप विंडोजच्या जुन्या आवृत्तीसाठी होते, आणि आजच्या बहुतेक नव्या संगणकांत तबकडी घालायला फटच नसते. साध्या प्लेअरवर मात्र त्यांतल्या पुष्कळशा अजूनही वाजतात.