वन रँक वन पेन्शन : कोश्यारी समितीने नेमकं काय सांगितलं होतं?

भगतसिंग कोश्यारी म्हटलं की आपल्याकडे राज्यपालपदाच्या काळातले वाद आठवतात. पण गावच्या पारावर बसणाऱ्या जुन्या फौजींना 'कोश्यारी समिती' तोंडपाठ आहे, ती वेगळ्या कारणाने.

दुखणं जुनं होतं. शिपाई पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो, तेव्हा पोरं शाळेत असतात. त्यात रँक तीच, नोकरीची वर्षं तेवढीच, तरी आधी निवृत्त झालेल्याला पेन्शन कमी आणि नंतरच्याला जास्त. कारण पेन्शन त्या-त्या वेळच्या वेतन आयोगावर ठरायची.

हा विषय याचिका म्हणून राज्यसभेत गेला. तेव्हा उत्तराखंडचे खासदार असलेले कोश्यारी याचिका समितीचे अध्यक्ष होते. समितीचा १४२ वा अहवाल डिसेंबर २०११ मध्ये आला. त्यातली व्याख्या सरळ आहे : समान रँक आणि समान सेवा असेल, तर निवृत्तीची तारीख कोणतीही असो, पेन्शन सारखीच. आणि पुढे पेन्शन वाढली की ती जुन्या पेन्शनरांना आपोआप मिळावी.

पैशाचा हिशोबही समितीपुढे आला. एका वर्षाचा खर्च सुमारे १,३०० कोटी. त्यातले १,०६५ कोटी जवान ते जेसीओंसाठी, २३५ कोटी अधिकाऱ्यांसाठी. देशाच्या मानाने ही रक्कम फार मोठी नाही, असं समितीने स्पष्ट लिहिलं. सैन्यासाठी वेगळा वेतन आयोग असावा, हेही सुचवलं.

फेब्रुवारी २०१४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ५०० कोटींची तरतूद झाली. २०१५ मध्ये माजी सैनिक दिल्लीत जंतरमंतरवर बसले. ७ नोव्हेंबर २०१५ ला आदेश निघाला, लाभ १ जुलै २०१४ पासून.

मात्र 'आपोआप'च्या जागी 'दर पाच वर्षांनी' आलं. यापुढे स्वतःच्या विनंतीवरून नोकरी सोडणाऱ्यांना योजनेतून वगळलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १६ मार्च २०२२ ला कोर्टाने सरकारचं धोरण कायम ठेवलं, पण १ जुलै २०१९ पासूनची फेररचना करायला सांगितलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ती मंजूर केली. लाभार्थी २५ लाखांवर. पुढची फेररचना १ जुलै २०२४ पासूनची.

म्हणजे समितीने मागितलं त्यातलं बरंच मिळालं, सगळं नाही.

आता घरातलं काम. पीपीओ काढा. रँक, ग्रुप आणि सेवेची वर्षं बघा, सरकारी तक्त्याशी ताडून पाहा. फरक दिसला तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद घेऊन जा. फौजी हयात नसेल तर त्याच्या पत्नीच्या कुटुंब पेन्शनलाही हे लागू आहे. कितीतरी म्हाताऱ्या आयांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. शेजारी कुणी असेल तर तुम्ही सांगा.