प्राणायामाने ऑक्सिजन वाढतो का?

प्राणायाम केला की शरीरात ऑक्सिजन जास्त जातो, हे वाक्य आमच्या केडगावात दवाखान्यापासून दौंड-पुणे गाडीपर्यंत सगळीकडे ऐकू येते. याचे उत्तर सुमारे 90 वर्षांपूर्वी लोणावळ्यात प्रत्यक्ष मोजून मिळाले होते. मोजणारा माणूस योगाची टिंगल करणारा नव्हता, योगासाठी आयुष्य दिलेला होता.

ते होते स्वामी कुवलयानंद. मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, जन्म 1883. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत ते तयार झाले, पुढे अमळनेरला शिक्षक झाले आणि नर्मदाकाठच्या मालसरला माधवदासजी महाराजांकडे योग शिकले. व्यायामशाळा, शाळा आणि योग ही तिन्ही अंगे त्यांच्यात होती, म्हणूनच पुढचे काम त्यांच्या हातून झाले असे मला वाटते.

त्या काळी शाळेतला व्यायाम म्हणजे बहुतेक लष्करी थाटाची कवायत. शाळेबाहेर तालमी होत्या. कोणत्या व्यायामाने काय होते याबद्दल दावे भरपूर होते, पण यंत्र लावून तपासणारे फार थोडे. गुण्यांनी 1920 नंतर बडोद्यात उड्डियान आणि नौली या क्रियांचे क्ष-किरणांखाली प्रयोग केले. 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनाचे त्रैमासिक सुरू केले.

नौलीचा प्रयोग सांगण्यासारखा आहे. बस्तीमध्ये साधक पाण्यात बसून गुदमार्गाने पाणी वर ओढतो. हे घडते कसे? दाब मोजल्यावर दिसले की नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणून पाणी आपोआप आत खेचले जाते. या पोकळीला त्यांनी गुरूचे नाव दिले: माधवदास व्हॅक्यूम. (घरी करून पाहू नका!)

आता ऑक्सिजन. प्राणायामात ऑक्सिजन फार जास्त शोषला जातो ही समजूत चुकीची आहे, असे त्यांनी स्वतःच्या प्रयोगांवरून स्पष्ट लिहिले. कारण साधे आहे. निरोगी माणसाच्या फुफ्फुसातून निघणाऱ्या रक्तात ऑक्सिजन आधीच 95 टक्क्यांच्या वर भरलेला असतो. भरलेल्या हंड्यात आणखी किती ओतणार? प्राणायामाचा फायदा वेगळीकडे आहे: श्वास संथ होतो, मन शांत होते. म्हणून न्युमोनियात बोटावरचे यंत्र 94 च्या खाली दाखवत असेल, तर प्राणायाम करत घरी थांबू नका, डॉक्टरांकडे या.

आसनांच्या वेळी रक्तदाब कसा बदलतो हेही त्यांनी मोजले. ज्यांचा बीपी वाढलेला आहे किंवा ज्यांना काचबिंदू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय शीर्षासन करू नये. डोके खाली गेले की डोळ्यातला दाब वाढतो.

हे सारे आश्रमात राहिले नाही. वर्गातल्या मुलांनी एकत्र करायचे ‘यौगिक संघ व्यायाम’ त्यांनी बसवले. 1937 मध्ये मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणाची समिती नेमली, तिचे अध्यक्ष कुवलयानंद. पुढच्याच वर्षी कांदिवलीला व्यायामशिक्षक तयार करणारी सरकारी संस्था सुरू झाली. व्यायाम शिकवायलाही शिक्षण लागते, हे सरकारदरबारी मान्य झाले.

तिकडे लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी 1953 साली दाखवले की दिवसभर बसणाऱ्या बसचालकांना हृदयविकार जास्त होतो, दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना कमी. आपल्या पुणे जिल्ह्यातली गोष्ट तर आणखी विचार करायला लावते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून 6 खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि बाळांचा अभ्यास केला. इथल्या बाळांचे वजन सरासरी 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5. पण आपल्या हडकुळ्या दिसणाऱ्या बाळांत स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी राखलेली! मोठेपणी मधुमेहाची वाट इथून सुरू होऊ शकते.

त्यामुळे ‘आमचा पोरगा बारीकच आहे, त्याला कशाला व्यायाम?’ असे पालक म्हणतात तेव्हा मी त्यांना याच अभ्यासाबद्दल सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी, बारीक असो वा जाड. आणि बऱ्याच शाळांत परीक्षा जवळ आली की पी.टी.चा तास सगळ्यात आधी गणिताला जातो.