एक्स-रे फिल्म : डाग आजाराचा की धुलाईचा?

एक्स-रे फिल्मवर दिसणारी प्रत्येक खूण आजाराचीच असते असे नाही. किरणांची मात्रा चुकली किंवा अंधाऱ्या खोलीतील धुलाईत हयगय झाली, तरीही फिल्मवर फसव्या छटा उमटतात.

मात्रेतील चुका : क्ष-किरण जेथे पोहोचतात तो भाग धुतल्यावर काळा होतो, हाडांआडचा भाग पांढरट राहतो. मात्रा कमी पडल्यास चित्र फिके येते. छातीच्या अशा फिल्मवर हृदयामागचे मणके दिसत नाहीत आणि फुफ्फुसातील नेहमीच्या रेषा ठळक होऊन न्यूमोनियाचा भास होऊ शकतो. मात्रा अधिक झाल्यास फुफ्फुसे काळीभोर दिसतात व लहानशी गाठ नजरेतून निसटते. रुग्ण हलल्यास कडा अस्पष्ट होतात.

धुलाईतील चुका : हाताने धुताना फिल्म सुमारे २० अंश सेल्सिअसच्या डेव्हलपरमध्ये साधारण ५ मिनिटे ठेवतात. द्रावण गरम असल्यास चित्र काळवंडते; थंड किंवा जुने असल्यास फिके पडते. फिक्सरमध्ये वेळ कमी मिळाल्यास फिल्म दुधाळ दिसते. शेवटी पाण्याने नीट न धुतल्यास ती काही काळाने पिवळट-तपकिरी होते. खोलीत प्रकाश शिरल्यास किंवा फिल्म मुदतबाह्य असल्यास धुरकटपणा येतो. चंद्रकोरीसारखी खूण फिल्म दुमडल्याची, तर फांद्यांसारख्या काळ्या रेषा कोरड्या हवेतील स्थिर विजेच्या असतात.

फिकेपणाचे मूळ : शरीराबाहेरच्या मोकळ्या भागावर किरण थेट पडतात. तो भाग गडद काळा, पण शरीराचे चित्र फिके असेल, तर बहुधा मात्रा कमी पडलेली असते. तो भागही करडा असेल, तर दोष बहुधा डेव्हलपरचा असतो. हा फरक महत्त्वाचा आहे. दुबळ्या डेव्हलपरची उणीव मात्रा वाढवून भरून काढली, तर चित्र सुधारते. परंतु त्याची किंमत रुग्णाचे शरीर मोजते.

डिजिटल यंत्रांमुळे धुलाईचे दोष टळले. मात्र संगणक चित्राची छटा आपोआप सावरतो, त्यामुळे जादा मात्रा डोळ्यांना जाणवत नाही; यंत्राने दर्शविलेला मात्रेचा निर्देशांक पाहावा लागतो. पुन्हा काढलेला प्रत्येक एक्स-रे म्हणजे पुन्हा किरणोत्सर्ग. म्हणूनच आधी दोषाचे कारण शोधावे आणि मगच गरज असल्यास रुग्णाला पुन्हा यंत्रासमोर उभे करावे.